कावीळवाली मथीबाय

मथीबायच्या तोंडात पाणी असलं की समजावं, औषध वाटलं जातंय. एरवी त्या तोंडात पाण्याचा थेंब ठरला नसता, इतकी ती बोलायची. शेजारणीशी, कोंबडीशी, दारावरून जाणाऱ्या टेंपोशी, कुणाशीही. पण औषधाच्या दिवशी पहाटे उठायची, तांब्यातून तोंडभर पाणी घ्यायची आणि गाल फुगवून मागच्या बांधावर जायची. पाला खुडून आणायची, पाट्यावर वाटायची, ताकात कालवून पेला रोग्याच्या हातात द्यायची. त्यानं शेवटचा घोट गिळला की अंगणाच्या कडेला जाऊन चूळ टाकायची, आणि तेवढ्या वेळात आत जे साठलं असेल ते सगळं एकदम बाहेर यायचं.

“थोबार कशाला वाकरा करतंस? कडू हाय म्हंजे औषध हाय. गोड पायजेल होता तर हलवायाकरं जायचा.”

ती सानपाडा गावातली. आगरी. लग्न होऊन गेलेली एक लेक सोडली तर तिला दुसरं कुणी नाही, नवरा कधीच गेलेला. मिठागरं होती तेव्हा तिथं राबली, ती गेल्यावर मागच्या तुकड्यात वांगी-मिरची लावायची. पण वाशीपासून बेलापूरपर्यंत तिला ओळखत ते कावीळवाली म्हणून. औषधाचे पैसे घ्यायची नाही. नारळ आणलात तर ठेवून घ्यायची आणि जाताना अर्धा तुम्हालाच फोडून द्यायची.

मी जुईनगरला राहायला आले ती नव्वद सालानंतर. आम्ही घाटावरचे, पाटणकडचे. आमचे हे एपीएमसी मार्केटला कांद्याच्या गाळ्यावर दिवाणजी होते. नवी बिल्डिंग, भिंतींना अजून चुन्याचा वास, आणि वर्षाच्या आत ह्यांचे डोळे पिवळे झाले. खालच्या मजल्यावरची बाई म्हणाली, डॉक्टरकडे जा, पण मथीबायकडेही जाऊन या. गेलो.

तिनं ह्यांच्याकडे पाहिलं, नखं दाबून पाहिली, आणि मी बोलायला तोंड उघडलं तर मलाच दटावलं, “तू नको सांगू गो घाटनी. कावील त्याला झाली, त्याला बोलू दे. लगीन झालं म्हंजे जीभ पन तुला दिली काय त्यानं?”

तेव्हापासून मी तिची घाटनी. नावानं तिनं मला कधी हाक मारली नाही.

औषध दिलं आणि सांगितलं, घोट एकच, पण निजायचं पंधरा दिवस. तेल नको, तूप नको, पेज प्यायची आणि पडून राहायचं. आमचे हे कसले पडून राहतात? आठव्या दिवशी, जरा बरं वाटतंय म्हणून, गेले गाळ्यावर. आणि नेमकी त्याच दिवशी मथीबाय घरी बघायला आली, रोगी निजलाय की नाही ते. अशी ती प्रत्येकाकडे जायची, पायी. मी खरं ते सांगितलं. तिनं पदर खोचला आणि मार्केटच्या दिशेनं चालायला लागली. मी मागे.

कांद्याच्या गोण्या उतरत होत्या, हमालांची आरडाओरड, ट्रकचे हॉर्न. त्या गर्दीतून ही सरळ गाळ्यात शिरली आणि ह्यांच्या हातातली वही काढून घेतली. शेटजी म्हणाले, “कोण पाहिजे बाई?”

“ह्यो पायजेल,” ती म्हणाली. “ह्यो मेला तर तुज्या गाल्यातले कांदे रडनार हायत काय? त्याची बायको रडंल. तिला विचारून ठेवलास का इकरं?”

सगळे हमाल हसले. हे गुपचूप उठले. पुढचे आठ दिवस घरात कूस बदलली तरी दाराकडे बघायचे.

तिच्या बांधावर काय काय होतं ते सांगते. अडुळसा, निर्गुडी, कुंपणावर चढलेली गुळवेल, काडेचिराईत, गवती चहा. ती एकेकाशी ओळख करून द्यायची, सोयरे भेटवावे तशी. “ही कफाची. ही सुजेची. ही उगाच, दिसायला बरी म्हनून ठेवलीय.” पण काविळीच्या झाडाचं नाव ती घ्यायची नाही. ते सासूनं तिला दाखवलं होतं, बोट करून, न बोलता. वाटताना बोलायचं नाही, आणि नाव तर कधीच तोंडाबाहेर काढायचं नाही. नाव बाहेर गेलं की गुण त्याच्यामागे निघून जातो आणि देणाऱ्याचा हात रिकामा होतो. म्हणून ते तोंडातलं पाणी. तिला स्वतःचा भरवसा नव्हता हो. म्हणायची, “मी अशी बोलकी. येकादवेली निसटंल तोंडातून. पानी असला म्हंजे निसटायला जागा नाय.”

रोप तसं साधंच. वीतभर उंचीचं, पावसाळ्यात कुठंही उगवणारं, पानांच्या खालच्या बाजूला ओळीनं… बघा, सांगायला लागले. राहू दे.

सासूकडून तिला आणखी एक शिकवण मिळाली होती, ती मात्र ती सगळ्यांना सांगायची. दोन जिवांच्या बाईला हे औषध द्यायचं नाही. का, ते सासूनं सांगितलं नव्हतं आणि हिनं विचारलं नव्हतं. अशी कुणी आली की ती दारातूनच उठायची, रिक्षा थांबवायची आणि त्या बाईबरोबर स्वतः दवाखान्यात जायची. “तिचा झगरा मोठा हाय. माजा घोट बारका.”

आणि एक सांगते, म्हणजे ती कशी होती ते कळेल. एकदा एक ट्रक ड्रायव्हर आला. हाडं वर आलेली, अंगावर चट्टे. त्याला तो नवा रोग झाला होता, ज्याचं नाव तेव्हा लोक कुजबुजत घ्यायचे. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, सानपाड्याची बाई झाडपाल्यानं रक्तातला रोग काढते. गल्लीतल्या बायका लांब झाल्या. मथीबायनं त्याला ओटीवर बसवलं, भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं, स्वतः समोर बसून जेवली. मग म्हणाली, “बाला, माज्याकरं नाय तुज्यासाठी काय. असता तर दिला असता. कोनी हाय बोलंल तर त्याला पैसे देऊ नको.” तो गेल्यावर मी म्हटलं, नाहीच म्हणायचं होतं तर एवढं जेवायला कशाला घातलंस?

“नाय बोलायचा असंल तर बसवून बोलायचा, घाटनी. उभ्या मानसाला नाय बोललीस तर तो खाली परतो.”

त्याच सुमारास अनघा नावाची मुलगी यायला लागली. मुंबईतल्या एका कॉलेजात झाडांवर अभ्यास करत होती. खांद्याला झोळी, झोळीत जुने पेपर, पेपरांच्या घडीत दाबलेली पानं. गावोगावच्या जाणत्या बायांना भेटायची आणि कशावर काय देता ते लिहून घ्यायची. मथीबायला ती फार आवडली. चाळीसेक झाडं तिला दाखवली, प्रत्येकाची गोष्ट सांगितली. फक्त त्या एकापाशी आली की दुसरीकडे वळायची.

“मावशी, तेवढंच राहिलं,” अनघा म्हणायची.

“सगली घेतलीस ना? येक मना राहू दे.”

अनघानं तिला समजावलं, की कावीळ करणारे जंतू असतात, विषाणू म्हणतात त्यांना, ते यकृतात घुसतात. नाव कळलं तर प्रयोगशाळेत रस काढून बघता येईल, खरंच त्या विषाणूवर चालतो का.

“केवरा असतो गो तो?”

“डोळ्यांना दिसत नाही मावशी, इतका बारीक. मोठं यंत्र लागतं.”

“मग यंत्रान दिसला का मना पन बोलाव बघायला. इतकी वर्सा मारतंय त्याला, तोंड तरी बघू.”

जाताना अनघानं कॉलेजचा पत्ता कागदावर लिहून दिला. मथीबायला वाचता येत नव्हतं, म्हणून तो तिनं माझ्याकडे ठेवायला दिला.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात आमच्याकडे पाणी बिघडलं. कुठं गटार फुटून पाइपात शिरलं म्हणत. बिल्डिंगीच्या बिल्डिंगी पिवळ्या पडल्या. मथीबायच्या अंगणात पहाटेपासून रांग लागायची, तोंडातलं पाणी दोन दोन तास तसंच. आणि त्याच दिवसांत तिची लेक सुगंधा बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा सरून आठवा लागलेला. सुगंधा आईसारखी बोलकी नव्हती, हसरी होती. जावई दशरथ भाजी मार्केटला टेंपो चालवायचा, एक दिवसाआड येऊन बघून जायचा.

सुगंधाचे डोळे पिवळे झालेले पहिल्यांदा मथीबायनंच पाहिले. पाटा तसाच टाकून, रांगेतल्या लोकांना तसंच सोडून तिला वाशीच्या एका दवाखान्यात नेलं. मी डबा घेऊन गेले तेव्हा तिथला तरुण डॉक्टर तिच्याशी बोलत होता. चांगला होता बिचारा, खुर्ची देऊन बोलत होता.

“आजी, ह्या विषाणूवर आमच्याकडे औषध नाही. बाकीचे लोक बहुतेक आपोआप बरे होतात. गरोदर बाईला मात्र हा फार जड जातो. आम्ही सलाईन लावलंय, लक्ष ठेवतो. शरीर लढेल तेवढं लढेल.”

“म्हंजे तुमी पन निजवूनच ठेवनार.”

“हो.”

“तेवरा तर मी पन करते,” ती म्हणाली. पण हे बोलताना आवाजात तिचा नेहमीचा ठसका नव्हता.

संध्याकाळी व्हरांड्यात दशरथ तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला. “आई, डाक्टर बोलतो औषध नाय. तुज्याकरं हाय. गावाला देतेस, पोरीला कशी नाय देत?”

“दोन जिवांची हाय रं.”

“तुज्या सासूनं सांगितला म्हनून? तिला कोनी सांगितला? आन नाय दिलास तर जगनार हाय का ती, ते सांग.”

मथीबाय तशीच आत लेकीपाशी गेली. दिलं आणि काही वाईट झालं तर आपल्या हातानं मारली. नाही दिलं आणि गेली तर हातात असून दिलं नाही. रात्रभर लेकीच्या पायाशी बसली होती म्हणे. सकाळी माझ्या दारात आली.

“घाटनी, तो कागद काढ. त्या पोरीकरं जायाचा. तिला यंत्र हाय. ती सांगंल द्यायचा का नाय द्यायचा.”

बसनं गेलो. पदराच्या गाठीत ओलं फडकं, फडक्यात मुळासकट उपटलेलं ते रोप. कॉलेजातली ती खोली मला अजून दिसते. कपाटांत बरण्या, टेबलावर सुकलेली पानं चिकटवलेले मोठे कागद, एक जाडजूड पुस्तक उघडं. अनघा उठून पुढं आली. मथीबायनं फडकं सोडलं, रोप टेबलावर ठेवलं आणि त्याचं नाव घेतलं. मोठ्यानं, स्पष्ट. नवरीनं पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घ्यावं तशी मान खाली गेली तिची.

मला थोडंफार वाचता येतं. त्या उघड्या पुस्तकाच्या पानावर त्याच रोपाचं चित्र होतं. खाली तेच नाव छापलेलं, आणि त्याच्या खाली ‘कावीळ’. मी ते वाचलं आणि मी वाचलं हे अनघानं पाहिलं. तिनं हळूच पुस्तक मिटलं, त्यावर आपली वही ठेवली, आणि वहीत ते नाव लिहून घेतलं. पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं, एकेक अक्षर.

“आता सांग बाय,” मथीबाय म्हणाली. “दिला तर उतरंल का? पोटातल्या जिवाला काय होईल का? यंत्रान टाक आन सांग.”

अनघानं तिच्या सरांना बोलावून आणलं. वयस्क गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रोप हातात घेऊन उलटंपालटं केलं. म्हणाले, “मावशी, अशा झाडांचा रस काचेच्या नळीत विषाणूंवर घालून बघतात. कधी काही चांगलं दिसतंही. पण नळीत दिसलं म्हणजे माणसात होईल असं नाही. त्यात काविळीचे विषाणू वेगवेगळे. आणि गरोदर बाईला देऊन कुणीच बघितलेलं नाही, कसं बघणार? हे सगळं नीट कळायला वर्षं लागतात.”

“परवापर्यंत नाय होनार?”

सरांनी चष्मा काढला. “नाही हो.”

तिनं त्या बरण्यांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, “मंग तुमाला पन माज्याएवराच ठाव हाय.” रागानं नाही. ओळख पटल्यासारखं म्हणाली. रोप तिथंच ठेवून निघालो.

येताना खाडीच्या पुलापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. तोंडात पाणी नव्हतं, काही नव्हतं. पुलावर म्हणाली, “आता तर देता पन येनार नाय. नाव बोलले. उत्तर नाय मिलाला आन औषध पन गेला.”

पुस्तकाची गोष्ट माझ्या ओठांवर होती. हे नाव सगळ्या जगाला माहीत आहे, छापलंय, विकलं जातंय, तुझं काही गेलेलं नाही, असं सांगावं वाटलं. पण मग तिच्या सासूचं बोट, ती पहाट, ते तोंडभर पाणी, हे सगळं कशासाठी होतं, असं तिनं विचारलं असतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. नंतरही कधी सांगितलं नाही. बरोबर केलं की चूक, मला आजही ठरवता येत नाही.

सुगंधा तिसऱ्या दिवशी गेली. आदल्या दिवसापासून शुद्ध नव्हती. पोटातलं मूलही तिच्याबरोबर गेलं.

बाराव्याला अंगणात माणसं बसलेली असताना दशरथ सगळ्यांदेखत म्हणाला, “हिच्या हातान होता. हिनं दिला नाय.” मी बोलायला उठत होते, तिनं माझा हात धरून खाली बसवलं. दशरथ गेला, तो परत त्या गल्लीत दिसला नाही.

मी तिला म्हटलं, त्याला सांगायला हवं, तू कुठवर गेलीस ते.

“सांगून काय? ती उठून बसनार हाय?”

लोक मात्र येत राहिले. पहाटे दारात उभे असायचे. ती प्रत्येकाला बसवायची, चहा द्यायची आणि सांगायची, “औषध संपला माजा. घरा जा, पंधरा दिवस नीज, पेज पी.” कुणाची लक्षणं वाईट दिसली तर दवाखान्यात पिटाळायची. लोकांना वाटायचं दुःखानं असं बोलते. काही जण चिडून जायचे. एक बाई तर मला जिन्यात म्हणाली, “स्वतःच्या पोरीला गुण आला नाही, आता कुठल्या तोंडानं देईल?” मी तिला दोन शब्द सुनावले, पण मथीबायपर्यंत ते गेलंच असणार. गावात काय लपतं?

बांधही गेला. तिथं प्लॉट पडले, खांब उभे राहिले. अडुळशाचं एक खोड तिनं डब्यात लावून दारात ठेवलं होतं, तेवढंच. बोलणं कमी झालं नव्हतं, पण आता बोलता बोलता मध्येच थांबायची आणि काय सांगत होते ते मला विचारायची.

दोन पावसाळे गेले. एका सकाळी मी तिच्याकडे होते. दारात तीन-चार माणसं बसली होती, आणि त्यांच्या मागे, गल्लीत, विजेच्या खांबाला टेकून दशरथ उभा होता. डोळे हळदीसारखे. दाढी वाढलेली. दुसरं लग्न केलेलं नव्हतं, आई-बाप नव्हते, मार्केटमध्ये टेंपोतच झोपायचा असं कानावर होतं.

सगळे गेल्यावर तो पायरीपाशी आला. “आई, मना दे थोरा.”

“नाय रं माज्याकरं.”

“राग हाय तुजा.”

“राग असता तर बरा होता. राग उतरतो.” ती भिंतीला हात लावून उभी होती. “नाव बोलले मी. सुगंधासाठी. मुंबईला जाऊन त्या शिकल्यासवरल्या लोकांना बोलले, द्यायचा का नाय ते विचारायला. त्यांना पन नाय ठाव. तवापासून हात रिकामा हाय.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

“मी होते बरोबर,” मी म्हटलं. “सुगंधा होती तेव्हाच.”

तो पायरीवर बसला. मथीबाय आत गेली. मला वाटलं रडायला गेली. पण आतून चटई झटकल्याचा आवाज आला. सुगंधाच्या खोलीत तिनं अंथरूण घातलं होतं.

“चल, नीज,” ती म्हणाली. “आन सांगून ठेवते, पंधरा दिवस टेंपोला हात लावलास तर टायर कापीन.”

त्याच महिन्यात ह्यांनी कोपरखैरण्याला जागा घेतली आणि आम्ही जुईनगर सोडलं. पुढे ती तिच्या भाचीकडे उरणला गेल्याचं कळलं, भेट झाली नाही. निघायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला गेले होते, तेवढंच शेवटचं बघणं. सकाळची वेळ. परातीत पेज निवत ठेवली होती. तिनं दशरथला दाराच्या उजेडात आणून उभं केलं होतं, आणि त्याच्या खांद्यापर्यंत पोचत नव्हती म्हणून स्वतः उंबऱ्यावर चढली होती. अंगठ्यानं त्याच्या डोळ्याखालची कातडी खाली ओढून ती आत बघत होती. एक डोळा, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

“उतरला का गो आई?” त्यानं विचारलं.

तिनं हात काढला नाही. “उद्या बघू,” ती म्हणाली.